रुमालाबाहेरचा भाव

मी, लीलाधर निंबा पाटील, वय ४६, धंदा शिक्षकी, राहणार दोंडाईचा, जिल्हा पश्चिम खानदेश, हे मृत्युपत्र स्वखुशीने लिहून ठेवतो. डॉक्टरांनी हृदयाबद्दल जे सांगितले ते ऐकूनही माझी बुद्धी ठिकाणावर आहे, असे मी समजतो. इतरांनी तपासून पाहावे.

१. शिरपूरकडील वडिलोपार्जित शेतातील माझा हिस्सा धाकटा बंधू अभिमन यास द्यावा. तो कापसाचा दलाल, तरी शेत त्यानेच राखले. मी सुट्टीत बांधावर बसून वाचले, एवढेच.

२. राहते घर व पोस्टातील शिल्लक पत्नी बेबाबाई हिची.

३. दख्खन ऑइल इंजिन कंपनीचे माझे सर्व शेअर्सही तिचेच. याविषयी थोडे लिहिणे भाग आहे, कारण अभिमन त्यांना अजून 'नानाचे कागद' म्हणतो.

एकदा त्याला मुंबईच्या शेअर बाजारात नेले होते. तिथे भाव ओरडून सांगत होते. अभिमनने सवयीने एका दलालाचा हात धरला, वर रुमाल टाकला आणि कापसाच्या सौद्यात भाव गुपचूप कळवायला दाबतात तशी बोटे दाबली. दलाल हसून म्हणाला, "काका, इथं बोलावं लागतं." परतताना गाडीत अभिमन म्हणाला, "नाना, तठे बठ्ठं उघडं शे. मंग दलालनी काय इज्जत राहयनी?" सगळेच उघड, तर दलालाची इज्जत ती काय, असे त्याचे म्हणणे.

मी मात्र त्या गोंगाटाने भारावून गेलो होतो. त्याचा अर्थ गेल्या वर्षी कळला. सातपुड्याच्या पायथ्याशी माझा जुना विद्यार्थी खेमा याच्या विहिरीवर, त्याच्या पाड्याने मिळून घेतलेले याच कंपनीचे इंजिन सुरू झाले. पाटात पाणी आले तेव्हा मी नकळत वहाणा काढल्या. हे कोणाच्या पैशाने बनले, असे खेमाने विचारले. मी सांगितले, शेअर घेणाऱ्यांच्या: कुठला कारकून, कुठली मद्रासची विधवा, थोडा मी. एकाची दुसऱ्याला ओळख नाही.

"त्यास्नी आपलं गाव पाहेल शे का?"

नाही म्हटले.

"तरी बी पैसा दिधा?"

देश असा उभा राहत असेल, तर याहून मोठे नवल मी पाहिलेले नाही. पण भाव निम्म्यावर आलेलाही पाहिला आहे. आपली श्रद्धा मी पत्नीच्या म्हातारपणावर लादतो आहे का, हे रोज स्वतःला विचारतो. म्हणून विकण्याची तिला पूर्ण मोकळीक आहे. अट एकच: भाव तिला तोंडाने सांगितला जावा.

कारण गेल्या सोमवारी अभिमन सांगत आला की त्याच्या ओळखीचे व्यापारी गिरधरशेठ हे शेअर्स खाजगीत घ्यायला तयार आहेत. किती देतात विचारले, तर त्याने माझ्या पांघरुणाखाली हात घालून बोटे दाबली. बेबाबाई शेजारीच बसली होती.

४. वडिलांचा सौद्याचा रुमाल अभिमनला द्यावा.

हे सर्व आज घरच्यांसमोर व साक्षीदारांसमोर मोठ्याने वाचले. तिसऱ्या कलमापाशी बेबाबाईने थांबवले. "भाऊजी, आता सांगा. किती?" अभिमनने आकडा तोंडाने सांगितला. मुलगी इंदिरा हिने वर्तमानपत्रातला कालचा भाव वाचला. तो बराच वर होता.

"मग राहू द्या," बेबाबाई म्हणाली.

रुमालाचे चौथे कलम अभिमनने पुन्हा एकदा वाचायला लावले. वाचले.

लिहून देणार: लीलाधर निंबा पाटील
साक्षीदार: कौतिक दगा पाटील, नथ्थू सखाराम वाणी
दोंडाईचा, ता. ११ मार्च १९५६