तडा गेलेल्या ठशाच्या पुतळ्या

९ एप्रिल १९७२

मिळाली! चौथी मिळाली!

संगमनेरात भरपूर पक्षकार असलेले वकील पुष्कळ. पण तडा गेलेल्या ठशाच्या चार पुतळ्या असलेला वकील मी एकटा. इथल्या एका सराफाने पेशवाईत स्वतःच्या ठशाने पुतळ्या, म्हणजे मूर्ती उमटवलेली सोन्याची नाणी, पाडल्या. त्या कुणाच्याही माळेत सापडतात. पुढे ठशाला तडा गेला आणि त्याच्या पणतवाने हौसेखातर त्याच ठशावर पुन्हा पाच पाडल्या. मूर्तीच्या पोटावरून बारीक रेघ जाते. त्या रेघेसाठी मी जगतो!

विजयमालेच्या हातात भिंग दिलं. म्हणाली, "खोट आहे हिच्यात." बारा वर्षं माझ्याशी संसार करून ही दृष्टी!

१६ एप्रिल

पाचवीचा पत्ता लागला. काष्टीला, कडूबाई नावाच्या म्हातारीच्या गळ्यात.

२३ एप्रिल

काष्टी. नगरपर्यंत एस.टी.त उभा.

कडूबाई गोवऱ्या थापत होत्या. पुतळी गळ्यात — रेघेसकट! मी विजयमालेच्या माहेरच्या माळेतली एक अखंड पुतळी नेली होती, ती पुढे केली.

"चिरकी घेता अन् धड देता?"

"हो."

"कुनाची ही?"

"आमच्या घरातली."

"मालकिनीला इचारलं?"

तिचा काय संबंध, म्हटलं. म्हातारी उठली. मग हात धुऊन पुतळी काढून दिली.

अडाणी माणसांशी व्यवहार सोपा असतो. पाच झाल्या!

२ मे

बाररूममध्ये आप्पासाहेब वकील म्हणाले, "सुवर्णनियंत्रण कायद्याचे साहेब फिरताहेत. सुटी नाणी दिसली की प्रश्न. दागिना असला तर बायकांचा म्हणून सोडतात."

माझ्या पाचही सुट्या! उद्याच सोनार गाठतो.

३ मे

पाचही पुतळ्यांना कड्या लावून घेतल्या. सोनार कड्या जोडायला डाग देत होता, मला तो माझ्या कपाळावर बसल्यासारखा वाटला. माळ विजयमालेच्या गळ्यात घातली.

"काढू नकोस," म्हटलं.

"नाही काढणार."

आरशासमोर उगाच फार वेळ उभी होती.

११ मे

साहेब आले! "वकीलसाहेब, नाणी जमवता म्हणे."

मी उभा राहिलो, कोर्टात राहतो तसा. "नाणी कसली? ही आमच्या मंडळींची माळ. स्त्रीधन! माझा तिच्यावर काडीचा हक्क नाही!" शेजारच्या मालनबाई दारात उभ्या राहून ऐकत होत्या. साहेब चहा पिऊन गेले.

आयुष्यातला सर्वोत्तम युक्तिवाद — आणि फी नाही!

१२ मे

माळ मागितली. विजयमाला कणीक मळत होती.

"कुणाची माळ?"

"थट्टा पुरे."

"साक्षीदार आहे. मालनबाईंना बोलावू?"

स्वतःच्याच युक्तिवादाविरुद्ध अपील कुठे करतात?

२० जून

माळ घरात नाही. सराफाकडे धावलो. "वहिनींनी परवाच मोडली की!" पाचही आटवल्या! रेघा, मूर्ती, पेशवाई — सगळं एका मुशीत! विजयमालेला जाब विचारायचा होता, पण बोलायचंच नाही असं ठरवलं. तीही समोर आली नाही.

२१ जून

मालनबाई भाकरी घेऊन आल्या. "बाई काल पहाटंच पुन्याला गेल्या. मास्तरनीच्या कालेजात नंबर लागलाय, तितंच ऱ्हानार. तुमाला ठाऊक न्हाई व्हय?"

मी कालपासून धरून चाललो होतो, की ती आतल्या खोलीत रुसून बसली आहे.