नानांचे आठ पट्टे

छत्रपती संभाजीनगर,
६ ऑगस्ट २०२५

ती. चतुराआत्यास,
सुदर्शनचा साष्टांग नमस्कार. वि. वि.

तुझ्या कानांनी फोनशी कायमची कट्टी घेतल्यापासून मला तिकिटं चिकटवायची सवय लागली आहे. पोस्टातल्या बाई आता मला पाचोडवाले म्हणूनच ओळखतात.

बातमी मोठी आहे. नानांचा पुतळा होतोय! तुझे वडील, माझे आजोबा, आणि अख्ख्या पंचक्रोशीचे नाना. इंग्रजांनी त्यांना रानोमाळ शोधलं, निजामानं हर्सूलच्या तुरुंगात टाकलं, आणि स्वराज्य आल्यावर आपल्या सरकारनं पुन्हा त्याच तुरुंगात पाठवलं. हयातीत ज्यांनी त्यांना एक सभा धड घेऊ दिली नाही, त्या सगळ्यांच्या नातवंडांना यंदा नाना एकदम आठवलेत. शहरात तीन पक्षांचे तीन फलक लागले आहेत आणि त्यांवर नानांच्या डोक्याला तीन रंगांचे फेटे आहेत. माणूस जन्मभर बोडका हिंडला. समाजवादी हा शब्द मात्र एकाही फलकावर नाही. लोकांचा गैरसमज होईल म्हणे.

आमदारांनी स्मारक समिती नेमली आणि मला अध्यक्ष केलं. सत्कार झाला. मूर्तिकारानं विचारलं की हातात काय द्यायचं. मी म्हटलं, कापडी पिशवी. नाना पिशवीशिवाय कुठं जात नसत. तो म्हणाला की पिशवी धातूत उठत नाही, तलवार छान उठते. शेवटी पुस्तकावर तडजोड झाली. तेही मिटलेलं, कारण उघडलं तर आत काय लिहायचं यावरून समिती फुटली असती.

गेली पंचवीस वर्षं मी दर रविवारी पेपरात लोकांच्या शाली ओढतो. परवा स्वतः शाल घेऊन घरी आलो. श्रेयानं नीट घडी घालून ती कपाटात ठेवली. बायको शालीची इतकी नीट घडी घालते तेव्हा समजावं. तेव्हापासून दुपारी डोळा लागला की पन्नास फुटी नाना दिसतात. डोकं ढगात गेलेलं, चेहरा काही दिसत नाही.

तब्येत जप. या शहरी भाच्यावरची माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझा
सुदर्शन

---

पाचोड,
१२ ऑगस्ट २०२५

चि. सुदर्शन यास,
आत्याचे पोटभर आशीर्वाद.

पत्र पावलं. अक्षर अजून कोंबडीच्या पायाचंच आहे. पेपरवाले कसं वाचतात कोण जाणे.

नाना तुझ्याकडं ढगातून येतात, माझ्याकडं पायी येतात. दुपारची भाकर खाल्ली की मी ओसरीवर आडवी होते, अन् ते कपाशीतून चालत येतात. जागेपणी मला लग्नाचा बँड ऐकू येत नाय, पण झोपेत समदं ऐकू येतं. वहाणांची करकर येते, पानं धोतराला घासल्याली ऐकू येतात. येऊन उंबऱ्यावर बसतात. बोलत काय नायत. मी त्यांना झोपेतच म्हणलं की तुमचा भुताखेतावर, दृष्टांतावर विश्वास नाय, तर तुम्ही असं येणं बरं दिसत नाय. तर हसले.

बरं, आता जागेपणीचं लिहिते. सोमवारी मोजणीवाले आले. आपल्या रानात दगडाबाईची कपाशी पात्याला आली आहे, तिच्या मधून त्यांनी फक्कीची पांढरी रेघ मारली. ती बिचारी खुरपं घेऊन नुसती उभी राहिली. मला वाटलं सरकारी काय असंल. मग पलीकडच्या पट्ट्यातल्या हबीबनं त्यांच्या हातातला कागद वाचून मला पाटीवर लिहून दाखवलं. स्मारकासाठी आपली जमीन द्यायला वारसाची संमती आहे, अन् खाली तुझी सही आहे. मी बी पाहिली. कोंबडीच्या पायाची होती. तरी हबीबला म्हणलं, दुसऱ्या कुणाची असंल.

त्याला म्हणलं खरं, पण तेव्हापासून तुझी जुनी पत्रं काढून अक्षर ताडून पाहते. उत्तर लवकर लिही.

माया आहे तेवढीच आहे, पातळ व्हायला ती काय ताक नाय.

तुझी
आत्या

---

छत्रपती संभाजीनगर,
१८ ऑगस्ट २०२५

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

सही माझीच आहे. सत्काराच्या गर्दीत हारांच्या आडून कागद पुढं आला आणि मी हजेरीपटावर करावी तशी सही ठोकली. वाचलं नाही. लोकांचे कागद वाचून त्यांची टर उडवणं हा ज्याचा धंदा, त्यानं न वाचता सही करावी, यावर कुणी लेख लिहिला तर मीच टाळी देईन.

पण तू समजतेस तेवढं आभाळ कोसळलेलं नाही. रस्त्याकडचा एखादा पट्टा जाईल, बाकी जमीन आहे तशी राहील. सातबारा अजून नानांच्याच नावावर आहे, म्हणजे कायद्यानं वारस तू आणि मी, दोघंच. तुझी सही होईपर्यंत कुणी ढेकूळही हलवू शकत नाही. दगडाबाईला दुसरीकडं तुकडा करून देऊ. आणि आत्या, नानांचं नाव कुठंतरी राहायला नको का? इथं ज्यांनी काही केलं नाही त्यांच्या नावाचे चौक झालेत.

काल पाणचक्कीच्या हौदाजवळ बसलो होतो. पाण्यात वड उलटा दिसत होता, आणि बराच वेळ मला तोच खरा वाटत होता. हल्ली असं होतं. वय असेल.

रागाबरोबर थोडा लोभही पाकिटात घालून पाठव.

तुझा
सुदर्शन

---

पाचोड,
२५ ऑगस्ट २०२५

चि. सुदर्शनला,
आशीर्वाद आहेत, राग बी आहे. दोन्ही एकाच पाकिटात पाठवते.

तू शहरात वाढलास म्हणून पहिल्यापासून सांगते. नानांनी चाळीस एकर आठ पट्ट्यांत वाटली. सात पट्टे सात घरांना, आठवा आपल्याला. दगडाबाईच्या सासूला दिली, हबीबच्या बापाला दिली. कागद केला नाय. कागद केला की एक देणारा होतो अन् दुसरा घेणारा, अन् घेणारा जन्मभर मान खाली घालून चालतो, असं त्यांचं म्हणणं. अन् पट्टा बी कायमचा नाय. दरसाल पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी गाडग्यात आठ चिठ्ठ्या टाकायच्या. विहिरीजवळचं रान एकालाच नको, खडकाळ बी एकाच्याच नशिबी नको. मी बी चिठ्ठी उचलते. यंदा मला खडकाळ आलंय. समदा शिवार मोसंबीचा, आपल्याच रानात मोसंबी नाय, ती ह्याच्यापायी. झाड फळाला येईस्तोवर पट्टा चार घरं फिरून येतो.

आता त्यातला घोळ ऐक. हबीबची लेक कहकशा तुमच्याकडं वकिली करते, ती रविवारी आली अन् समजावून गेली. एका तुकड्यावर कसणारा म्हणून कुणाचंच नाव सलग लागलेलं नाय. त्यामुळं कायद्याच्या डोळ्याला तिथं कुणीच दिसत नाय. पंच्याहत्तर वर्षं माणसं राबली, अन् रान रिकामं! नानांना इंग्रज कळला, निजाम कळला, तलाठी कळला नाय.

तू लिहितोस एखादा पट्टा. नकाशात तीन आहेत. एक पुतळ्याला अन् दोन मोटारी लावायला. अन् एकच गेला तरी सात चिठ्ठ्या अन् आठ घरं उरतात. पाडव्याला कुणाला म्हणायचं की तू ऊठ? तू येऊन म्हणशील?

आता माझं पाप सांगते. आमदाराचा माणूस माझ्या सहीला आला होता. पाटीवर लिहून म्हणाला की पुतळ्याचं तोंड तुमच्या ओसरीकडं करतो, रोज सकाळी बाप दिसंल. सुदर्शन, माझ्यापाशी नानांचा एकच फोटो, तोबी तुरुंगातल्या माणसांबरोबर काढलेला, अन् वाळवीनं नेमका चेहराच खाल्ला. मी पेन हातात घेतलं. दगडाबाई दारात मुगाच्या शेंगा सोलत बसली होती. तिनं हात जोडले नायत, रडली नाय, वर सुदीक पाहिलं नाय. हात जोडले असते तर मी मोठी झाले असते अन् तिला दिल्यासारखं केलं असतं. ती सोलत राहिली. मी पेन ठेवलं.

पण उद्याचं सांगता येत नाय. एकटीला सकाळी लई लवकर जाग येते. तू तुझी सही माघारी घे, म्हणजे माझा हात कुणी धरल्यासारखं होईल.

आत्या तुझीच आहे, पण पुढचं तू काय करशील त्यावर.

चतुरा

---

छत्रपती संभाजीनगर,
३ सप्टेंबर २०२५

ती. आत्यास,
नमस्कार. आज विनंती आधी, विशेष नंतर.

मागच्या पत्रात मी खोटं लिहिलं. कागद मी वाचला होता, अगदी नकाशासकट. चौथऱ्याच्या काळ्या दगडावर कोरायचा मजकूर मी लिहायचा आणि खाली बारीक अक्षरात माझं नाव, असं ठरलं होतं. आत्या, माझं रविवारचं लिखाण सोमवारी भज्यांखाली जातं. पंचवीस वर्षं मी ते हसत हसत सांगत आलो. पण दगडावरचं राहिलं असतं. त्या एका ओळीसाठी मी दगडाबाईच्या कपाशीवरून रेघ मारू दिली. मजकूरही तयार झाला होता, नाना आणि समता अशी चार वाक्यं. चांगली होती.

काल कहकशाला घेऊन तहसिलीत गेलो आणि संमती रद्द केल्याचं लिहून दिलं. आमदारांना निरोप धाडला. अर्ध्या तासात समितीच्या लोकांनी शिक्का आणि छापील कागद परत मागवले, आणि संध्याकाळच्या आत नवा अध्यक्ष नेमला. तो नानांचा मानलेला नातू आहे. मानला कुणी आणि केव्हा, हे विचारायचा अधिकार आता मला नाही. शाल कुणी परत मागितली नाही. श्रेयानं आज ती इस्त्रीच्या टेबलावर अंथरली.

कहकशा म्हणते की आपण दोघांची वारसनोंद झाली की सरळ दस्त करावा आणि चाळीस एकर आठ जणांच्या नावे सामाईक लावावी. पट्टे पाडायचेच नाहीत, म्हणजे चिठ्ठ्या सुखानं फिरतील. पण त्यासाठी तुला कागदावर देणारी व्हावं लागेल. नानांनी जे टाळलं नेमकं तेच. सांग, काय करू?

रागातून काही उरलंच, तर ते प्रेम समजून ठेवून घेईन.

सुदर्शन

---

पाचोड,
११ सप्टेंबर २०२५

चि. सुदर्शन,
आशीर्वाद.

खोटं बोललास ते पत्र चुलीत घातलं, खरं बोललास ते ट्रंकेत ठेवलं.

आठ दिवस झाले, नाना आले नायत. दुपारी पडते, कपाशी दिसते, वाऱ्याचा आवाज येतो, माणूस येत नाय. रुसले असतील. मी रिकाम्या उंबऱ्याला सांगितलं की तुमचा शब्द सोन्याचा होता, पण तुम्ही गेलात अन् आम्ही काय सोन्याची माणसं नाय. माझं बी बोट पेनाकडं गेलं, तुमच्या नातवाचं बी गेलं. उद्या आमची पोरं काय करतील कुणी सांगावं. कागद करायचा.

तारीख कळव. दगडाबाईला कपाशी वेचायला जायचं असतं, तेव्हा सकाळची घे.

जेवून ये नायतर उपाशी ये, पण ये. तुझ्यावर जीव आहे.

आत्या

---

छत्रपती संभाजीनगर,
३० ऑक्टोबर २०२५

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

परवा पैठणच्या नोंदणी कचेरीत तू सगळं पाहिलंस, पण तुला ऐकू आलं नाही, म्हणून लिहितो.

तू टेबलावर हात आपटून उठलीस, तेव्हा कारकुनाला वाटलं तू दस्त रद्द करतेस. कहकशानं त्याला सांगितलं की बाईंना बक्षीसपत्र या शब्दाचा राग आला आहे, जमीन बक्षीस दिलेली नाही, दुसरा शब्द घाला. तो म्हणाला की संगणकाच्या यादीत दुसरा शब्दच नाही. मग त्यानं आपणहून, कुणी न विचारता, अख्खी यादी वरपासून खालपर्यंत वाचून दाखवली. विक्री आहे, गहाण आहे, भाडं आहे, बक्षीस आहे. नानांनी जे केलं त्याला सरकारदरबारी अजून नाव नाही. शेवटी यादीत दुसरा शब्द नाही हे कहकशानं पाटीवर लिहिलं, ते वाचून तू बसलीस आणि सही केलीस, तेव्हा सगळ्यांचा सुस्कारा सुटला. तोही तुला ऐकू आला नसेल.

लिहून देणार म्हणून तुझं आणि माझं नाव, लिहून घेणार म्हणून आठ नावं, आणि त्यांत पुन्हा तू. कारकून म्हणाला की म्हातारी स्वतःच स्वतःला कशी देते. हबीबचाचांनी त्याला शांतपणे सांगितलं की मियाँ, आमच्याकडं असंच चालतं.

मग कारकुनानं दगडाबाईला विचारलं की एवढी जमीन मिळाली, या दोघांना काही म्हणायचं आहे का. मी, खरं सांगतो, मान थोडी झुकवून उभा होतो, आभार नम्रपणे घ्यायच्या तयारीत. दगडाबाई म्हणाली की लई उशीर केला, माझा अर्धा रोज गेला. आणि ती जिना उतरून गेलीसुद्धा.

तुम्ही सगळे हबीबचाचांच्या टेंपोत बसलात. माझी एसटी वेगळी. स्थानकावर तासभर होतो. धरणाच्या बाजूनं पांढरे पक्षी येत होते, ऊन पातळ झालं होतं, आणि मला उगाच हलकं वाटत होतं, ज्वर उतरल्यावर वाटतं तसं. नानांचा वारस म्हणून आजवर मी भाषणं केली, हार घेतले, पहिल्या रांगेत बसलो. वारस म्हणून खरी सही परवा पहिल्यांदा केली, आणि सही वाळायच्या आत वारस उरलो नाही. त्या आठ नावांत माझं नाव नाही. असायचं कारणही नाही, मी कधी चिठ्ठी उचललेली नाही. हे मी स्वतःला दोनदा समजावलं. दुसऱ्यांदा पटलं.

आत्या, मी सगळं लिहून दिलं आहे. तुझा लोभ तेवढा कुठल्या दस्तात नव्हता. तो तोंडीच होता, तोंडीच राहू दे.

तुझा
सुदर्शन