गडगावात मुक्काम कुणाकडे

११ जानेवारी, मुलुंड

समन्स आलं. २७ तारखेला गडगावच्या कोर्टात माझी साक्ष. वर्षाहून जास्त वाट पाहिली आणि तारीख मिळाली ती नेमकी जोडून आलेल्या सुट्ट्यांच्या शेपटाला. अर्धी मुंबई त्या गडावर चढणार. खोली मिळायची कुठे?

अशोक म्हणाला, "पहाटे निघू, साक्ष देऊ, रात्री घरी." नवरा म्हणून चांगला आहे, पण त्याला कोर्ट माहीत नाही. आदल्या दिवशी पोचावंच लागेल.

डोक्यावरच्या खुणेत आज कंगवा अडकला. गडगावच्या वाचनालयाच्या सभागृहात मी काय म्हटलं होतं? गडावरचे गाइड राजांची नावं सांगतात, ठीक. ज्यांनी दगड वाहिले, त्यांच्या नावाची एक पाटी लावा. पाटी मागितली, राज्य नाही. मागून पहिली खुर्ची आली. मग तो स्टेजवर चढला. सभागृहात गॉगल घालून बसलेला माणूस. घडीची लोखंडी खुर्ची दोन्ही हातांनी उचलून, ओंडका फोडावा तशी माझ्या डोक्यात. नाव आता ठाऊक आहे, पण मी त्याला 'गॉगल'च लिहीन.

१३ जाने.

अशोक फोनवर हॉटेलं धुंडाळतोय, मोठ्याने वाचतोय. "राजेशाही मुक्काम. मशाली. तुतारीने स्वागत. प्रत्येक खोलीतून गड दिसतो."

"कुणाचं आहे बघ."

बघितलं. गॉगलच्या काकाचं. गावातली बरीच हॉटेलं त्याची, उरलेली त्याला भिऊन असणारी.

मग शकूचं पान उघडलं. घरगुती निवास, दोन खोल्या, पत्र्याचं छप्पर, पिठलं-भाकरी. याच शकूने मला त्या दिवशी मागच्या पायऱ्यांवरून दंडाला धरून ओढत घरात नेलं. दारावर लाथा बसत होत्या आणि ही आत वरवंटा घेऊन उभी. तिच्या घराला सगळे एकच तारा देतात. "इथे राहू नका." "बाई साक्षीदार आहे." "आलात चालत, जाल खांद्यावर."

हे पर्यटकांचे अभिप्राय! शेवटचा वाचून अशोकने फोन पालथा ठेवला.

१५ जाने.

शकूचा फोन. "ताई, खोली सारवलीय. मुक्काम आमच्याकडंच करायचा."

लगेच हो म्हटलं. आणखी कुठे राहणार? आमच्या माणसांना गावोगाव 'जागा नाही' ऐकावं लागलं. जिथे दार उघडतं तिथेच पाठ टेकायची.

१६ जाने.

सरकारी वकील बाईंना सांगितलं. त्या उसळल्या. "साक्षीदाराच्या घरात झोपणार? अहो, उलटतपासणीत पहिला प्रश्न तोच. पोरीला रात्रभर कुणी पढवलं? संपली केस."

पोरगी म्हणजे शकूची प्रतीक्षा. कॉलेजात आहे. त्या दिवशी स्टेजशेजारी पाण्याचे ग्लास घेऊन उभी होती. झटापटीत त्याच्या डोळ्यांवरचा गॉगल उडाला तेव्हा त्याचा उघडा चेहरा तिने एकटीने पाहिला. मी तर जमिनीवर होते, मला दिसले फक्त बूट.

"जिल्ह्याच्या गावी राहा. चाळीस किलोमीटर आहे."

मी ऐकवलं, सचोटी काय खोलीवर ठरते का, वगैरे. बाई म्हणाल्या, "मॅडम, हे भाषण नाही. इथे टाळ्या नाहीत."

तोंडावर बसली. बरोबर बसली.

शकूला कळवलं. म्हणाली, "बरं. आमच्या घरात रक्त सांडल्यालं चाललं, मुक्काम न्हाई चालत."

१८ जाने.

घाटकोपरला व्याख्यान. हॉल भरलेला. संपवून जिन्यात आले तर दोन पोरं आडवी. हातात त्या हॉटेलचा रंगीत कागद.

"मावशी, काकांनी खोली ठेवलीय. कडेलोटाच्या बाजूची. वरून दरी काय झकास दिसते!"

कॉलर धरली. ठरवून नाही, हात गेला. त्याने माझं त्या दिवशी खुर्चीच्या माराने मोडलेलं बोट पकडून मागे वाकवलं, हसत हसत. डोळ्यांपुढे पांढरं झालं. वरून आमच्या बायका उतरत होत्या. एकीने चहाची किटली त्याच्या पाठीवर ओतली, दुसरीने चप्पल काढली. "मावशी कुणाला म्हणतो रे? ये, मावशी दाखवते!" तो जिन्यावरून गडगडत गेला. दुसरा पळाला.

त्याची किंकाळी ऐकून मला आनंद झाला. खोटं कशाला लिहू? बोटाला पट्टी आहे, डाव्या हाताने वही दाबून लिहितेय.

२० जाने.

भर दुपारी शकूच्या पत्र्यावर दगड. आत पुण्याचं एक कुटुंब जेवत होतं, ताटं टाकून गाडीत बसलं. पत्र्याला भोक पडून दगड परातीत आला. संध्याकाळी पायरीवर त्यांचा कुत्रा टाकलेला, गळा चिरून. प्रतीक्षाने फोटो पाठवला. खाली एकच ओळ: "मोत्या भुंकला असणार."

पोलिसांना फोन केला. अधिकारी नम्र. मला बंदोबस्त मंजूर आहे म्हणे, बंदूकधारी हवालदार, मी तिथे असेन तितके दिवस.

"आणि शकूला?"

"त्या स्थानिक आहेत, मॅडम. त्यांच्या अर्जावर निर्णय व्हायचाय."

"दगड तिच्या घरावर पडले."

"बंदोबस्त माणसाला असतो. घराला नसतो."

इतका वेळ ओरडले की शेजारच्या गुजराती काकूंनी बेल वाजवली. सगळं ठीक ना, विचारायला.

२१ जाने.

शकू आज सरळ बोलली.

"ताई, मी काय नुसत्या पाहुणचाराला बोलवत न्हवते. तुमच्यामागं पोलीस येतो. तुमी जिल्ह्याला झोपला तर त्यो बी जिल्ह्याला झोपंल. मग हितं आमी दोघी न पत्रा."

मला वाटत होतं, ती प्रेमाने बोलावतेय आणि मी लांब राहून तिला जपतेय. ती माझ्या अंथरुणाआडून हवालदार मागत होती. किती नीट हिशोब! मी जिथे निजेन तिथे बंदूक.

२२ जाने.

वकील बाईंशी पुन्हा. दोघींच्या संरक्षणाचा अर्ज त्यांनी रेटलाय, पण सुट्ट्यांच्या आत काही होणार नाही. "मी समजू शकते," म्हणाल्या. आवाजावरून खरंच समजत होत्या. तरी सल्ला तोच.

अशोक म्हणाला, दोघींना जिल्ह्याला आणू. पढवल्याचा आरोप तिथेही होणारच. शिवाय घर मागे मोकळं. काडी ओढायला आणखी सोपं.

रात्री जेवताना तो फुटला. "केस हरलीस तर गॉगल हार घालून मिरवणूक काढेल. त्या मिरवणुकीत शकूचं घर सुटेल असं वाटतं तुला?"

"आणि जिंकायच्या आधीच जळालं तर?"

ताट भिंतीवर गेलं. त्याचं नाही, माझं. वरणाचा ओघळ कॅलेंडरवर.

२३ जाने.

प्रतीक्षाचा फोन. पोरगी थंड, करवतीसारखी.

"मावशी, मुक्कामाला येऊ नका. दगड झेलते मी. पण माझी साक्ष पाण्यात घालू नका. वर्षभर रस्त्यात तो मला बघून शीळ घालतो. त्या दिवशी तोंड मी बघितलंय त्याचं. मी सांगणार, आणि ते खरं धरलं गेलं पाहिजे."

मागून शकू: "खरं धरायला तू जित्ती पायजेस!"

"आई, केस गेली तर रोजच मारतील."

मग आवाज आला. थप्पड. फोनमधूनही ओळखू येते. मी "प्रतीक्षा, प्रतीक्षा" करत राहिले.

दोघींचंही खरं आहे. सभेत मी असं कधी म्हणत नाही. सभेत एक बाजू खरी असते आणि मी तिच्या बाजूने असते.

२५ जाने.

हवालदाराचा फोन. वयस्क आवाज. "मुक्कामाचा पत्ता द्या, नोंद करायचीय. हालताना कळवा."

उद्या सांगते म्हटलं.

दिवसभर पुस्तकं काढली, लावली. न्यायावर केवढं लिहिलंय माणसांनी! अन्याय सोसू नये, सत्य सोडू नये. कुठल्या छपराखाली झोपून सोडू नये, ते कुणी लिहिलेलं नाही. संताप संताप होतोय. साक्ष द्यायची म्हणून एका बाईने पोर की खटला हे निवडायचं, आणि गॉगलने काय निवडायचं? कुठल्या खोलीतून गड बरा दिसतो ते.

२६ जाने., गडगाव

गाडीतच लिहितेय. ऊन उतरलंय. बाजारपेठ माणसांनी गच्च, गडाच्या दरवाजाशी फोटो काढणारे, उसाचा रस, लाकडी तलवारी. काकाच्या हॉटेलाबाहेर खरंच तुतारी वाजत होती. काचेवर कुणीतरी थुंकलं. अशोकने वायपर लावला, वेग कमी केला नाही.

सकाळी पनवेल ओलांडल्यावर हवालदाराला पत्ता दिला. शकूचा.

मग वकील बाईंना कळवलं. म्हटलं, विचारू दे उलटतपासणीत. सांगेन, हो, तिथेच झोपले, कारण तिथे दगड पडत होते. बाई म्हणाल्या, "तुम्ही सांगाल हो. तुम्हाला बोलता येतं. त्या पोरीला तोच प्रश्न तीस प्रकारे विचारतील." आणि फोन ठेवला.

शकूला कळवलं तेव्हा ती रडली. प्रतीक्षाचा मेसेज तासाभराने आला. "मावशी, तुम्ही माझी साक्ष खाल्ली."

उत्तर चार वेळा लिहिलं, चार वेळा पुसलं.

आता घरासमोर उभे आहोत. पत्र्याच्या भोकावर निळं प्लास्टिक, वर विटा. हवालदार आधीच येऊन पायरीवर बसलाय, बंदूक मांडीवर आडवी. शकू आतून हाक मारतेय, "ताई, या की! भाकरी निवती."

अशोकने बॅग काढली. "उतर," म्हणाला.

प्रतीक्षा दारात उभी आहे. दोन्ही हात चौकटीला लावून. माझ्याकडेच बघतेय, आणि बाजूला होत नाहीये.