कोरडं खरवडू नये

माय, तू मला आयुष्यात एकदाच मारलंस, आणि त्या दिवशी बरोबर मी होते. हे सांगायला इतकी वर्षं लागली, कारण मलाच ते गेल्या आठवड्यात कळलं.

आपण नागपूरला जाऊन दीक्षा घेतली, त्याच्या पुढच्या उन्हाळ्यातली गोष्ट. आर्वीला एका जिनिंगवाल्याचा जुना बंगला रंगवायला काढला होता. नवा रंग मारायला गडीमाणसं आणि जुना खरवडायला तुम्ही बाया. घरी कुणी नाही म्हणून मी तुझ्यासोबत. तू दारापाशी बसली आहेस, आधी पत्र्याच्या तुकड्याने खरवडतेस, मग काचकागदाने घासतेस. हिरवी भुकटी तुझ्या भुवयांवर, केसांत, पदरावर बसते आहे. दुपारी मुकादम सगळ्यांना गुळाचा खडा वाटतो. गूळ खाल्ला की पोटात गेलेली धूळ निघून जाते, असं तुम्ही सगळ्याच मानायच्या. तू त्याच पदराला हात पुसतेस आणि अर्धा खडा मला देतेस. "खाय व, छाती साफ राह्यते." औषध समजून आपण मायलेकी तीच भुकटी गिळत होतो.

तुला खोकल्याची उबळ आली की थांबायची नाही. मला ते बघवेना. मी मडकं उचललं आणि सगळं पाणी त्या दारावर ओतलं. धूळ लगेच बसली. मला वाटलं, आता तू शाबासकी देशील. शाबासकी कुठली! मुकादम ओरडत आला, "वल्ल्या लाकडावर रंग धरते काय, बाई? पोरीले आनाचं असन तर उद्यापासून तू बी येऊ नको." तू उठलीस आणि माझ्या गालावर ठेवून दिलीस. "काऊन ओतलं व पानी? कामावरून काढन ना तो मले!" संध्याकाळी परतताना मात्र एवढ्या मोठ्या घोडीला तू कडेवर उचललंस. मी तुझ्या खांद्यात तोंड खुपसलं आणि घर येईपर्यंत काढलं नाही.

असे किती बंगले, किती दारं तू घासलीस. मग तुझ्या पोटात कळा यायला लागल्या. पुढे उजवा हात मनगटातून लुळा पडला, भाकर थापता येईना. कुणी म्हणालं बाहेरचं आहे, वैद्य म्हणाले उष्णता. मी सातवीत असताना तू गेलीस. रंगानेच गेलीस असं कुणी लिहून दिलं नाही, पण मला आता दुसरं काही पटणार नाही.

ज्या शाळेत मी शिकवलं, तिची जुनी दारं आता रंगवायला काढली आहेत. इंजिनियरने नियमांचा कागद दिला आणि बायांना तो वाचून दाखवायचं काम माझ्याकडे आलं. जुन्या रंगात शिसं असतं. कोरडं खरवडू नये, आधी पाणी मारावं. ही ओळ मी दोनदा वाचली. बाया बघत राहिल्या, मी घोटभर पाणी प्यायले आणि पुढचं वाचलं. हात धुतल्याशिवाय खाऊ नये. कामाचे कपडे बदलल्याशिवाय लेकरांना जवळ घेऊ नये.

आज संध्याकाळी त्यातल्या एकीची चिमुरडी धावत आली. आई दोन पावलं मागे सरली. "थांब, हात नोको लावू. आंघोळ करून येतो, मंग घेतो तुले." पोरीने भोकाड पसरलं. मी त्या आईला म्हणाले, अगदी बरोबर केलंस. आणि घरी येऊन हे लिहायला बसले.

हा कागद मी कुणाला दाखवणार नाही. नियम मीच वाचले, उद्याही मीच पाळायला लावीन. पण तुझ्याशी खोटं बोलवत नाही, माय. तू आत्ता त्या हिरव्या धुळीत माखून दारात उभी राहिलीस, तर मी तुला आंघोळीला पाठवणार नाही. आधी येऊन बिलगेन.