वैरागला वीज आली

बुधवार, संध्याकाळ, गच्चीवर

परवापासून लिहायचं टाळतोय. लिहिलं की बाबांशी ठरलेलं आठवणार: या आठवड्यात विजेचा एक तरी धड फोटो मिळाला नाही, तर भटकणं बंद आणि सोमवारपासून त्यांच्या चादरींच्या दुकानात बसायचं.

सोमवारी आमच्या ढग बघणाऱ्यांच्या ग्रुपवर वैरागच्या सुमनकाकूंनी लिहिलं, ‘वीज आली.’ मी लगेच गाडी काढली. वाटेत एक ढग तांबडा होत होता, लडाखच्या मित्राने पाठवलेल्या फोटोतल्या, ध्रुवीय प्रकाशाने लाल झालेल्या रात्रीच्या आभाळासारखा. तिथेच रेंगाळलो. वैरागला पोचलो तर वर सगळं मोकळं.

“काकू, कुटं हाय वीज?”

“ही काय,” म्हणत त्यांनी फिरता पंखा दाखवला. “सकाळपासनं गेलती की.”

“मग लाइट आली म्हणायचं.”

“ग्रुपवर शुद्ध लिवावं म्हटलं, बाबा.”

परतताना मात्र लांब एक ढग आतून उजळायला लागला. आवाज अजिबात नाही. कुणीतरी दिवा घेऊन खोल्याखोल्यांतून फिरतंय, असं वाटत होतं. फोन खिशातच राहिला. का काढला नाही? आवाज असता तर भानावर आलो असतो बहुतेक. आता बाबांना काय दाखवू?

आत्ताही उत्तरेला तसंच उजळतंय, तसंच बिनआवाजी. जिन्यात चपला वाजतायत, आई असेल. नाही, गुडघ्यांमुळे कधी वर न येणारे बाबा आलेत, आणि धापा टाकत विचारतायत, “कुठल्या बाजूला दिसतंय रे?”