सोन्याच्या खुरातले किडे

प्रिय दिपमाला,

रोज फोन असताना आबाला पत्राची हुक्की कुठून आली म्हणून हसशील. फोनवर तू विचारतेस, जेवलात का? मी म्हणतो, जेवलो. संपलं. आज जरा जास्त सांगायचं आहे.

आपल्या सोन्या बैलाच्या खुरात किडे पडले होते. बाभळीचा काटा मोडला असावा. त्यावर माशी बसली आणि चार दिवसांत बेचक्यात बोटभर खड्डा. मुका जीव, पण पाय आपटून आपटून त्याने मला बोलावलं. गुरांच्या डॉक्टरांनी चिमट्याने अळ्या काढल्या, औषध भरलं. मी वरून सीताफळाचा पाला वाटून लावायचो, तुझी आई लावायची तसा. डॉक्टरांना सांगू नकोस. रोज सकाळी त्याचा पाय मांडीवर घेऊन बसायचो. दिवसभरात तेवढाच कुणाला तरी हात लागायचा.

तुझी आई संध्याकाळी बैलाचे पाय धुतले की मलाही बसवायची. शुगर आहे तुम्हाला, तळवा दाखवा म्हणायची. मी चिडायचो, मी काय बैल आहे? तिच्या तेराव्याला तू जळगावला चला म्हणालीस, तेव्हा चार लोकांत मी तुला तोडून बोललो, मला कुणाची गरज नाही. तू रडतच एसटीत बसलीस. ते अजून सलतं गं. घर खायला उठतं, पण कबूल कोण करणार?

सोन्याचा खूर भरून आला, तरी गोठ्यातला वास जाईना. फिनाईल टाकलं, बैलाला पुन्हा पुन्हा धुतलं, डॉक्टरांनाच नावं ठेवली. परवा शेजारचा रतिलाल आला, नाक दाबून खाली वाकला आणि म्हणाला, "आबा, हाऊ वास बैलना नई, तुमना पायना शे." टाचेला भेग पडली म्हणून मी फडकं बांधलं होतं. ते सोडलं. आत तसाच खड्डा, तशाच अळ्या. मला काहीच दुखलं नव्हतं.

हे धुळ्याच्या दवाखान्यातल्या खाटेवरून लिहितोय. फोनवर हे बोलायला जमलं नसतं, म्हणून रतिलालच्या हाती पाठवतोय. सोन्या त्याच्याच गोठ्यात आहे. सोमवारी टाच कापून साफ करणार आहेत, कदाचित पाऊलही जाईल. कागदावर घरच्या माणसाची सही मागतात. रतिलाल करायला तयार होता, मीच थांबवलं. मला तुझी गरज आहे, दिपा. ये. तळवा दाखवा म्हणालीस तर आता चिडणार नाही.

तुझाच,
आबा