त्या दिवशी वारा नव्हता

बाबा, आमच्या ऑफिसवर वादळ आलंय, असं परवाच्या इंग्रजी पेपरात छापलंय. सायबर हल्ल्याचं वादळ, त्याखाली पूर, आणि शेवटच्या परिच्छेदात त्सुनामीसुद्धा. तुमची उभी नोकरी अमौसी विमानतळावरच्या हवामान कार्यालयात वारा-पाऊस नोंदवण्यात गेली, म्हणून तुम्हाला सांगते, हज़रतगंजात आमच्या ऑफिसबाहेर त्या दिवशी झाडाचं पानही हललं नव्हतं. आमचे सगळे कॉम्प्युटर बंद पडले आणि निवृत्त लोकांच्या उपचारांच्या फाइली आत अडकल्या, एवढंच झालं.

बातमी वाचल्यापासून माझ्या मनात पाल चुकचुकतेय. चोर आला म्हटलं की कडी कुणी काढली, हे विचारावं लागतं. वादळ आलं म्हटलं की कुणी काही विचारत नाही. साहेबांनी तर बातमी कापून टेबलाच्या काचेखाली ठेवली. म्हणाले, "देखिए, क़ुदरती आफ़त जैसी चीज़ है, इसमें कोई क्या करे!" अहवालातही वादळच लिहायला त्यांनी मला सांगितलं. त्यांना एवढं हायसं का वाटलं असेल? सगळ्यांनाच वाटलंय. चहाच्या वेळी मी एकेकाचा चेहरा निरखून बघते.

एक रविवार अजून डोळ्यांसमोर आहे: मी दहा वर्षांची आहे. तुम्ही मला ड्यूटीवर सोबत नेलंय, आणि पाऊस मोजायचं काचेचं भांडं माझ्या हातून फुटतं. "वाऱ्यानं पडलं," मी सांगते. तुम्ही ओरडत नाही. रजिस्टर उघडून माझ्यासमोर धरता. "सकाळपासून वारा शांत आहे. हे मी स्वतः लिहिलंय. आता खरं बोल." मी रडत रडत खरं सांगितलं. मग तुम्ही वरिष्ठांना लिहून दिलंत की मुलीला आत आणलं ही चूक तुमची, आणि त्यांची बोलणी मुकाट ऐकून घेतलीत. घरी येताना माझा हात मात्र सोडला नाहीत.

काल शहराच्या टोकाच्या चिनहटहून एक म्हातारे गृहस्थ आले होते. बायकोच्या डोळ्यांच्या ऑपरेशनची मंजुरी आमच्याकडे अडकलीय. "बिटिया, ये तूफ़ान कब थमेगा? उसको अब दरवाज़ा भी नहीं दिखता." मी म्हणाले, "बाबूजी, हम क्या बताएँ." ते मलाच हात जोडून गेले. मला फार लाज वाटली.

कॉम्प्युटर बंद पडले त्या सकाळी मला 'बदल्यांची यादी' अशा नावाचा एक मेल आला होता. पत्ता अनोळखी होता, आणि असलं काही उघडू नका हे आम्हाला दोनदा बजावलेलं. पण बदलीच्या धास्तीत दोन महिने झोप नव्हती. माझं नाव आहे का बघायला मी तो उघडला. आत यादी नव्हतीच, आणि थोड्याच वेळात पडदे काळे झाले.

अहवाल मी आज दुपारी पाठवला. त्यात वादळच आहे, खाली सही माझी आहे. तुम्ही गेल्यावर हे पत्र कुठे पाठवता येत नाही, म्हणून तर खरं काय ते इथे लिहायचं धाडस होतंय. बाबा, वारा शांत होता.